खिशातला फ्यूज

धानाच्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, वास आला की अजून माझी मान खाली जाते. तेव्हा आसगावात टीव्ही फक्त आमच्याकडे होता आणि दर रविवारी सगळा मोहल्ला सिनेमा पाहायला आमच्या अंगणात बसायचा. माझं नुकतंच लग्न झालं होतं. सासुरवाडीचे पाहुणे येणार, त्यांच्यासमोर ही चिखलपायांची गर्दी नको, म्हणून मी गुपचूप टीव्हीतला फ्यूज काढून खिशात टाकला. टीव्ही बिघडला म्हटल्यावर आमचा म्हातारा गडी बैलबंडी जुंपूनच उभा राहिला. "चला जी मालक, पवनीले नेऊ. रविवार खाली गेला तं कसं चालन?" मला नाही म्हणवेना. मी बंडी हाकली. तो मागे तणसावर टीव्ही लेकरासारखा पोटाशी धरून बसला. पवनीच्या बाजारातल्या मेकॅनिकनं मागचं झाकण उघडलं. "याच्यात तं फ्यूजच नाही!" म्हातारा हसला, "उंदरानं नेला असन जी." मीही हसलो. नवा फ्यूज बसला. रविवारी पाहुण्यांदेखत म्हातारा भरल्या अंगणाला सांगत होता, "तुमच्यासाठी मालकानं सोता बंडी हाकली." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. आज हे लिहितो आहे, पण ज्याला सांगायला हवं होतं तो म्हातारा आता नाही.