सगळीकडे एकच रुमाल

"आणि मध्येच कोणी आलं तर?"

हे आमच्या सरांचं वाक्य. चहा घ्यायला चला म्हटलं तरी हेच, कोड तपासायला बसलं तरी हेच. भोसरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत ते सगळ्यांत जुने प्रोग्रामर. चाकणच्या कारखान्यांत मशीनशेजारी जे स्क्रीन असतात, त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. सरांचं वय पन्नाशीचं, बोलणं परभणीचं, आणि स्वभाव असा की ऑफिसच्या बाथरूमची कडी आतून लावूनही ते बाहेरच्याला ऐकू जाईल असं खोकायचे. एकदा मला राहवलं नाही.

"सर, दाराला चांगली कडी आहे. मग खोकता कशाला?"

"सवय वो मॅडम. आमच्या वाड्यात दहा बिऱ्हाडांना एक मोरी होती, तिला कडी नव्हती. खोकत खोकतच मोठा झालोय मी."

मी हसत जागेवर जाऊन बसले.

तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेलच. कॅन्टीन ओस पडलेलं असलं तरी खुर्चीवर रुमाल टाकून मगच पोहे आणायला जाणारा. मीटिंगच्या खोलीला ‘आत काम चालू आहे’ अशी पाटी लावून आत एकटाच डबा खाणारा. आपण हसतो आणि सोडून देतो. पण आमच्या सरांनी हाच रुमाल कोडमध्येही टाकून ठेवला होता, आणि तो मला शोधायचा होता.

प्रोग्राममध्ये एका वेळी बरीच कामं चालतात. दोन कामांनी एकाच आकड्याला एकदम हात घातला तर घोळ होतो, म्हणून ‘माझं होईपर्यंत थांबा’ असं सांगणारं लॉक लावतात. एस.टी.च्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमालच तो. जिथे गर्दी आहे तिथे तो हवाच. सर मात्र रिकाम्या गाडीतही टाकायचे. त्यात त्यांचा रुमाल एकच! लेबल छापायलाही तोच, मापं लिहायलाही तोच. त्यामुळे छपाई चालू असली की बिचारी मापं दारात ताटकळत उभी राहायची, आणि कारखान्यात ऑपरेटर बटण दाबून स्क्रीनकडे बघत बसायचा.

तक्रारी वाढल्या तसे आमचे मालक तापले. मला म्हणाले, लिंटरमध्ये यासाठी एक नियम लिही. लिंटर म्हणजे कोड न चालवता नुसता वाचून खोड्या काढणारा प्रोग्राम. आमच्या दिघीतल्या सोसायटीचे सेक्रेटरी साधारण तेच काम करतात. नियम साधा होता: ज्या वस्तूला एकच काम हात लावतं, किंवा जी कधी बदलतच नाही, तिच्यावर लॉक दिसलं की लाल खूण. मालकांनी वर बजावलं, "शनिवारी मी बघणार. लाल दिसलं तर हा कोड नव्या पोरांकडे, आणि सर चाकणला, सपोर्टला."

सपोर्ट म्हणजे कारखान्यात उभं राहायचं आणि स्क्रीन अडकला की धावायचं. सरांचा चेहरा उतरला. "पोटच्या लेकरासारखा वाढवलाय वो हा कोड," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मग मी त्यांना शेजारी बसवलं आणि आम्ही एकेक लाल खूण काढायला घेतली.

"सर, कंपनीचं नाव वाचतानाही लॉक? कंपनीचं नाव कधी बदलतं का?"

"मालकांचा काय भरवसा? ज्योतिषानं सांगितलं तर चालू शिफ्टमध्ये नावात एक ‘अ’ वाढवतील."

"सर!"

"बरं बरं, काढा."

प्रत्येक लॉक काढताना ते पडद्याला हात जोडून "जा बाबा, सुखी राहा" म्हणायचे. मागच्या ओळीतली पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. माझी चिडचिड व्हायची आणि हसूही यायचं. शुक्रवारी दुपारी शेवटची लाल खूण गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सगळ्यांसाठी वडापाव मागवले.

वडापाव यायच्या आत सर खुर्ची ओढत माझ्याकडे आले. चेहरा असा खुललेला की मला वाटलं पगार वाढला.

"मॅडम, तुमच्या नियमाला भोक आहे!"

"कसलं भोक?"

"तो फक्त पुढच्या दारातनं बघतो. मी कितीतरी लॉकं मागच्या दारानं लावलीत. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, लॉक त्या दुसऱ्याच्या पोटात. तुमच्या नियमाला दिसतच नाही ते!"

मी इकडेतिकडे बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "सर, जरा हळू. उद्या मालक बघणार आहेत. सोमवारी बुजवू की भोक."

"छे! माहीत असून सोमवारी बुजवायचं म्हणजे चोरी झाली की."

एवढं बोलून त्यांनी माझा कीबोर्डच पुढ्यात ओढला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून नियम पक्का केला आणि चालवला. स्क्रीन गुलाल उधळल्यासारखा लाल झाला. सरांनी आनंदाने टेबलावर थाप मारली. "बघा! पकडलं की नाही!" आपणच पकडले गेलो आहोत हे त्या क्षणी त्यांच्या गावीही नव्हतं. मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. एवढी लॉकं एका रात्रीत काढणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं.

शनिवारी मी मालकांना सांगून बघितलं की हा नियम सरांनीच पक्का केलाय. मालक म्हणाले, "छान केलं. पण लाल ते लाल." पुढच्या आठवड्यात सरांची खुर्ची रिकामी झाली. नव्या पोरांनी हळूहळू नको तिथली सगळी लॉकं काढली. ऑफिस बरंच शांत झालं आणि ती शांतता मला अजिबात आवडली नाही.

मध्यंतरी कामासाठी चाकणला गेले. शेडमध्ये एका मशीनपाशी सर पाठमोरे उभे होते, शेजारी तिथल्याच गावचा एक वयस्कर ऑपरेटर. त्याने बटण दाबलं आणि आकडा झटक्यात उमटला.

"आता लई भारी पळतंय राव," ऑपरेटर म्हणाला. "आदी कुणी येड्यानं लिवलं व्हतं हे?"

मी जागच्या जागी थबकले. सरांनी खिशातून रुमाल काढून स्क्रीन पुसला.

"होता एक जण," ते म्हणाले. "पण जीव लावून लिहायचा वो."