कुणी न मागितलेला मोगरा

चेन्नईत मोगऱ्याला ऊन मानवतं. बाकीची बाग मान टाकते तेव्हा तो भरात येतो. आमच्या अंगणातला वेली मोगरा यजमानांनी लावलेला. संध्याकाळी पाचला ते स्टुलावर चढून कळ्या काढायचे आणि मी केळीच्या सोपटाच्या धाग्यावर, सुई न लावता, बोटांनी गाठी मारत माळ करायची. तोवर गल्लीतल्या दोघीतिघी फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या. कुणाला हातभर, कुणाला वीतभर. उरलेला गजरा माझा.

ते जानेवारीत, पोंगलनंतरच्या आठवड्यात गेले. एप्रिलमध्ये मोगरा आला, नेहमीपेक्षा जास्तच. फाटकाशी कुणी आलं नाही. त्याच बायकांनी पहिले दहा दिवस मला जेवू घातलं होतं, माझ्याबरोबर रडल्याही होत्या. पण विधवेच्या हातचं फूल केसांत माळायचं नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. कळ्या झाडावर उमलायच्या आणि सकाळी फरशीवर पिवळ्या पडून असायच्या. मी त्या झाडून टाकायची.

मे महिन्यात मासिक श्राद्धासाठी थोरल्या नणंदबाई, अक्का, तंजावरहून आल्या. विधी उरकून माझा मुलगा बंगळूरला परतला, अक्का राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विषय काढला.

"ही वेल तोडून टाक गं. घरात माळणारं कोण आहे? फुलं पायदळी येतात, ते बरं नव्हे."

"तिच्यात बुलबुलाचं घरटं आहे, अक्का. पिल्लं आहेत."

घरटं खरंच होतं. पण मी पिल्लांच्या आड लपत होते, हे मला ठाऊक होतं. शाळेच्या ग्रंथालयात उभा जन्म गेलेला. मोठ्या आवाजात नाही म्हणण्याची सवय नव्हती. रोज खिडकीशी पुस्तक घेऊन बसायची आणि बुलबुलांची ये-जा बघायची. चोचीत कधी अळी, कधी कडुनिंबाची पिकली निंबोळी. पिल्लांना पिसं फुटत होती आणि माझे दिवस सरत होते.

नवव्या दिवशी घरटं रिकामं झालं. दहाव्या दिवशी सकाळी माळी कोयता घेऊन दारात हजर. अक्कांनीच निरोप धाडला होता.

"वेल तोडायची नाही," मी त्याला सांगितलं. "कढीपत्त्याच्या खालच्या फांद्या तेवढ्या छाट आणि जा."

तो अक्कांकडे बघू लागला. "तिकडे बघू नकोस," मी म्हटलं. "घर माझं आहे."

त्या दिवशी पाचला मी स्टूल ओढलं. वरच्या कळ्यांना हात पुरेना, खालच्या काढल्या. इतक्या महिन्यांत बोटं गाठी विसरली होती. पहिली माळ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली, ती मी अंबाड्यावर माळली आणि ओसरीवर येऊन बसले.

अक्का बाहेर आल्या, माझ्या अंबाड्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्यांच्या माघारी मी बत्तीसाव्या वर्षी फुलं सोडली. मला कुणी विचारलं होतं?"

"नव्हतं. विचारायला हवं होतं."

"लोक हसतील."

"हसू देत. हे होते तेव्हा माझ्या गजऱ्यासाठी स्वतःच्या हातानं कळ्या काढून द्यायचे. गजरा आवडायचा मला, अक्का. अजून आवडतो. माझं दुःख मोगऱ्यावर काढायचं नाही."

"पुस्तकं वाचून वाचून बिघडलीस तू."

"असेन."

समोरच्या घरातल्या मामी तेवढ्यात फाटकावरून गेल्या. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. मी नेहमीसारखी हाक मारली. त्या थांबल्या नाहीत. लागलं मला. गजरा मात्र काढला नाही. दुसऱ्या दिवशीही माळला, तिसऱ्याही.

चौथ्या दिवशी अक्का निघाल्या, ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी. सकाळच्या गाडीवर एग्मोर स्टेशनला पोचवायला गेले ती आदल्या संध्याकाळचा, रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलेला गजरा माळूनच. फलाटावर आम्ही पिशव्यांसारख्या शेजारी शेजारी बसलो होतो. गाडी लागली. अक्का उठल्या, थबकल्या.

"सैल बसलाय. पडेल. वळ तिकडे."

त्यांनी स्वतःच्या केसांतला आकडा काढला आणि गजऱ्यातून खोचला, इतका घट्ट की डोकं दुखलं.

"मला हे पटलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"नका पटवून घेऊ," मी म्हटलं आणि त्यांची पिशवी उचलली.