धोतराचा उजवा सोगा

आमच्या भाऊजींइतका वारा-पावसाशी वैर धरलेला माणूस जव्हार संस्थानात दुसरा झाला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. संस्थानच्या धान्यकोठारावर ते कारकून होते. भाताला ओल लागू द्यायची नाही हे काम त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं, की पुढेपुढे ओल लागण्याखेरीज जगात दुसरं काही संकट असतं हेच ते विसरले. जव्हारचा पाऊस आडवा येतो, म्हणून घराच्या पश्चिमेला सगळेच गवताचे तट्टे बांधतात. भाऊजी ते चारी बाजूंना बांधत आणि मग भरदुपारी कंदील लावून बसत. लोणच्याच्या बरणीचं तोंड ते स्वतः बांधत, आणि ती गाठ सोडायला आक्काला ते कोठारातून परत यायची वाट बघावी लागे. पाहुणा आला की आधी त्याच्यामागचं दार लावत, मग "या" म्हणत. मी एकदा विचारलं, "भाऊजी, एवढा बंदोबस्त कशाला?" तर म्हणाले, "अरे, जे येतं ते बाहेरूनच येतं. आतलं कुठे जातंय?"

अशा माणसाच्या हाती एक मोटारसायकल लागली. कुणी लाकडाचा ठेकेदार गाव सोडताना ती कोठाराच्या मागे टाकून गेला होता आणि तिच्यावर कोंबड्या बसत. भाऊजींनी ती घरी आणली ती काही हौसेखातर नव्हे. आमची आई माझ्याकडे मोखाड्याला असे. मी तिथे शाळेत मास्तर. तिची नजर मंदावत चालली होती. पांढरं-काळं कळे, जवळ धरलेलं थोडं दिसे, बाकी सगळं धुकं. डोळे आहेत तोवर आक्काला एकदा बघू दे, एवढाच तिचा धोशा होता. आणि आक्काची कंबर शेवटच्या बाळंतपणात अशी धरली होती, की बैलगाडीचा एक हिसका बसला की ती आठवडाभर अंथरुणावर. भाऊजींनी मोटारसायकलीच्या डाव्या अंगाला स्प्रिंगांवर वेताची खुर्ची जोडली आणि सासूला निरोप धाडला, "डोळे जाऊ देऊ नका, मी हिला घेऊन येतो." जसे काही डोळे आईच्या मुठीत होते.

इंजिन जाम झालेलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी जव्हारला गेलो, तर पडवीत सुपं मांडलेली आणि सुपांत इंजिन. कोणी सुपाला हात लावला की भाऊजी त्याच्याकडे असे बघत, की त्यानं फराळ विटाळलाय असं वाटावं. या टू-स्ट्रोक जातीच्या इंजिनाचं मर्म त्यांनी मला समजावलं. तेल मिसळलेलं पेट्रोल आणि हवा आधी खालच्या पेटीत शिरते, पिस्टन ती तिथे दाबतो आणि मग वर धाडतो. पेटीच्या भिंतीतून दांडा बाहेर येतो, तिथे चामड्याचं सील बसतं. सीलचा ओठ दांड्याला चिकटून राहायला हवा. उजवं सील कुजलं होतं. नवीन आलेलं भाऊजींनी रात्रभर एरंडेलात भिजवलं, तेही आक्काच्या चांदीच्या वाटीत. दांड्याच्या खाचेनं ओठ कापू नये म्हणून खाचेवर गुळगुळीत लग्नपत्रिका गुंडाळली. हातोडी वर्ज्य. सीलवर पोळपाट ठेवून दोन्ही तळव्यांनी ते सारखं दाबत गेले. "नव्या नवरीला आत घेतात तसं घ्यायचं," म्हणाले, "सावकाश, आणि तिरकं होऊ न देता." त्या दिवशी पोळ्या झाल्या नाहीत. सगळं इतकं नीट झालं की मी थक्क झालो. फक्त सीलचा ओठ आत ठेवायचा की बाहेर, एवढा प्रश्न उरला होता, आणि कोठारात जन्म गेलेल्या माणसाला तो प्रश्नच वाटला नाही. पाऊस बाहेरून येतो. ओठ बाहेर.

गाडी सुरू झाली. सपाटीवर बरी चाले, चढ लागला की तिचा जीव जाई. दर रविवारी भाऊजी एकटेच मोखाड्यापर्यंत येऊन बघत, कारण गाडी एकदा न ढकलता पोचल्याशिवाय आक्काला बसवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. खोडाळ्याच्या बाजाराला निघालेली माणसं डोक्यावरचे भारे खाली ठेवून त्यांना चढावर मदत करत. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलंही, "दादा, ही गाडी तुमाला नेतं का तुमी तिला नेताव?" भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "सध्या आळीपाळीनं." आमच्या अंगणात येईपर्यंत त्यांच्या धोतराचा उजवा सोगा तेलानं काळा झालेला असे. आई दिसलेल्याची खात्री करायला ओट्यावरूनच मला विचारी, "सोगा कसा आहे रे आज?" मी म्हणे, "काळा." "म्हणजे ढकलत आले," म्हणून ती आत जाई. आधी ती हे हसून म्हणे. पुढे हसेनाशी झाली, कारण माझं तोंडही तिला आता जवळ आणल्याशिवाय दिसत नव्हतं.

भाऊजींनी इंजिन पुन्हा पुन्हा खोललं. दरवेळी बाहेरून आणखी बंदोबस्त केला: वर लोकरीच्या नमद्याची पट्टी, त्यावर चामड्याचा पडदा, त्यावर मेण. त्यांचं बोलणं कमी झालं. बरणीची गाठसुद्धा ते सैल बांधू लागले, तेव्हा आक्का घाबरली. एका सकाळी ती धोतर धूत होती. तो डाग काही जाईना. ती तसंच ओलं धोतर घेऊन पडवीत आली आणि म्हणाली, "अहो, आत काय येतंय ते तुम्ही बघताय. हे बाहेर काय येतंय ते कधी बघणार?"

भाऊजींनी तो सोगा हातात घेऊन डाग बोटांनी चोळून बघितला. मग म्हणाले, "दम आतला आहे गं. आणि मी त्याला दार उघडं ठेवलंय." दाब आतून आला की बाहेर वळलेला ओठ दांड्यावरून उचलला जात होता, आत वळलेला ओठ त्याच दाबानं दांड्याला आवळून बसला असता. नवीन सील आलं, पुन्हा एरंडेल, पुन्हा लग्नपत्रिका, पुन्हा पोळपाट. या खेपेस ओठ आत. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी पूर्वेचा तट्टा सोडला. घरात उजेड आला, आणि आक्काला कोपऱ्यातली जळमटं पहिल्यांदा दिसली.

शनिवारी भाऊजी एकटेच आमच्या वेशीपर्यंत न ढकलता येऊन गेले होते, ते मला मागाहून कळलं. त्या रविवारी मी घरात शाळेच्या कामात होतो. गाडीचा आवाज ऐकून बाहेर आलो, तर आई आधीच ओट्याच्या कडेला उभी. "दोन्ही सोगे पांढरे दिसतायत रे," ती म्हणाली. "बसून आले." मग वेताच्या खुर्चीतून आक्का उतरली. आईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून डोळ्यांपाशी नेलं, खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, "केस पिकले की गं तुझे." आक्का रडत होती. भाऊजी आमच्याकडे पाठ करून स्वच्छ इंजिन पुसत उभे होते.

पुढच्या पावसाळ्यात आईचे डोळे गेले. तिनं शेवटचं नीट पाहिलं ते आक्काचं तोंड, हे ती सगळ्यांना सांगे, आणि त्याआधी जावयाचं धोतर, हेही सांगायला विसरत नसे.

आता आई नाही, भाऊजी नाहीत, संस्थानही राहिलं नाही. भाऊजींची मला फार आठवण येते. जव्हारच्या वाटेनं धोतर नेसलेलं कोणी येताना दिसलं की माझी नजर अजून आधी उजव्या सोग्याकडे जाते. सगळ्यांचे पांढरेच असतात. एखादा काळा दिसला तर किती बरं वाटेल.