वहिनीच्या कपाचं वजन

पाककृती लपवून ठेवणाऱ्या बायका असतात. आमची वहिनी तशी नव्हती. हे आधी सांगून टाकतो, कारण संगमनेरात आमच्या आळीत अजून उलटंच बोललं जातं.

कोणी एखादा पदार्थ विचारला की ती नुसता सांगत नसे. त्या बाईला ओट्यापाशी उभी करून तिच्याच हातून करवून घेई. "तोंडानं सांगून काय कळतंय? पीठ हातात घे," म्हणायची. माहेर कर्जतकडचं, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. थोरला भाऊ गेल्यावर घरात ती आणि मी, निवृत्त विज्ञानशिक्षक, असे दोघंच म्हातारे उरलो.

तिचं माप म्हणजे कान तुटलेला चहाचा कप. नानकटाईला चार कप मैदा, दोन कप पिठीसाखर, दीड कप पातळ तूप. नाताळच्या आधी आळीतल्या बायका गोळे पत्र्यावर मांडून बेकरीच्या भट्टीत भाजायला नेत. वहिनीचा पत्रा बाहेर आला की बेकरीवालाही एक उचलायचा. "खा रे बाबा, तुझीच भट्टी हाय," ती म्हणायची.

एका वर्षी चर्चच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर बायकांनी ही कृती ग्रॅममध्ये मागितली. प्रत्येकीचा कप वेगळा. वहिनी म्हणाली, "भावजी, तुमी मास्तर. एवढं वजनात करून द्या."

मी कप पाण्यानं भरून काट्यावर ठेवला. पाणी दीडशे ग्रॅम भरलं. तोच आकडा मैद्याला लावला, साखरेला लावला, तुपाला लावला. कपभर मैदा कपभर पाण्याहून पुष्कळ हलका असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मैद्याचा डबा वरच्या फळीवर होता. तिच्या मोबाईलवरून, खाली तिचं नाव घालून, कृती पाठवून दिली.

त्या नाताळात बेकरीत एकामागून एक पत्रे निघाले. सगळे गोळे तडकलेले, दगडासारखे. वहिनीनं आपल्या कपानंच केलेलं, त्यामुळे तिचा पत्रा तेवढा नेहमीसारखा.

"काय वो वहिनी, आमची नानकटाई खलबत्त्यात घालू का?" एकीनं विचारलं.

"सोताची बरी जमली यांची," दुसरी म्हणाली. "आमाला हातचं राखून सांगितलं."

"न्हाई गं, माझंच काई चुकलं आसंल," वहिनी म्हणाली. मी तिचा पत्रा धरून शेजारी उभा होतो.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "भावजी, मैदा तोलला व्हता ना?"

"हो," मी म्हणालो.

तिनं पुन्हा विचारलं नाही. पुढे तिलाही कोणी काही विचारेना. ओट्यापाशी कोणी येईना. नाताळात ती पत्रा घेऊन बायकांच्या आधी जाऊन येऊ लागली.

तिच्या मातीला सगळी आळी आली होती. "बाई लई चांगली, पण नानकटाई संगंच घेऊन गेली," कोणीतरी म्हणालं. मी ऐकलं. काही वाटलं नाही. अजूनही फारसं काही वाटत नाही.

काल स्टूल घेऊन डबा खाली काढला. तिच्या कपानं चार कप मैदा तीनशे वीस ग्रॅम भरतो, सहाशे नाही. दोन कप पिठीसाखर एकशे सत्तर. दीड कप तूप दोनशे दहा. तिचा मोबाईल अजून चालू आहे. त्यावरून ग्रुपवर हे टाकलं. मैदा मी तोललाच नव्हता, तिनं काही राखलं नव्हतं, हेही लिहिलं. खाली या वेळी माझं नाव घातलं.