दसऱ्याचा हार

मेकॅनिकने एसीचं पोट उघडून आत डोकावलं आणि अशी मान हलवली, की मला नातेवाइकांना कळवावंसं वाटलं.

"काका, कॉम्प्रेसर गेला ना बाप्पा. नवा परवा येईल, नागपूरहून."

अकोल्यात, ऐन मे महिन्यात, परवापर्यंत जगतंय कोण? आमच्या गच्चीवरच्या टाकीत नुसती साखर-पत्ती टाकली तर अख्ख्या कॉलनीचा चहा होतो! आणि याच दगाबाजाला मी दसऱ्याला स्टुलावर चढून झेंडूचा हार घातला होता. खाली कोपऱ्यात जुना कूलर बघत उभा होता. त्याला पाकळीसुद्धा मिळाली नाही. दुसऱ्याच दिवशी तो शेजारच्या सुधाकररावांना देऊन टाकला.

"चला त्यांच्याकडे," बायको म्हणाली. "निदान आपल्याच कूलरची हवा खाऊ."

गेलो. सुधाकरराव बटणाकडे वळले, तसा मी ऐटीत हात उगारून पुढे झालो. "थांबा! कुशीत सणसणीत थाप बसल्याशिवाय तो हलत नाही. कित्येक उन्हाळे माझा मार खाल्लाय त्याने!"

"नाही हो भाऊजी," वहिनी हसल्या. "आमच्याकडे गुमान चालतो."

बटण दाबताच तो चालू झाला. ना खरखर, ना रुसवा. खोलीभर वाळ्याचा गारवा पसरला.

यंत्राला मन नसतं म्हणतात. मग इतकी वर्षं तो माझ्याच घरी का अडून बसत होता? एसीने बिघडून दगा दिला, ते एक वेळ समजू शकतो. याने नीट चालून दिला.

त्याच्या जाळीवर पाडव्याचा वाळका हार भुरभुरत होता. मी उगारलेला हात खाली घेतला आणि त्याच्यासमोर निमूट बसलो.