काकांचा अख्खा रविवार

रविवार पुरेपूर कळलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, तो म्हणजे न्यू जर्सीत माझ्या खालच्या मजल्यावर राहणारे काका. आम्हा बाकीच्यांसाठी रविवार म्हणजे उशिरा उठणं, आठवड्याचे कपडे धुणं, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून भाजी आणणं आणि जमलं तर तिथेच डोसा खाणं. काकांसाठी रविवार म्हणजे टीव्ही. आवडीचं काही लावायचं आणि संपलं की उठायचं, असला किरकोळ कारभार त्यांच्याकडे नव्हता. सकाळी नऊला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते टीव्हीसमोर बसत, ते संध्याकाळच्या जेवणालाच उठत. मध्ये एक डुलकी असे, तीही जाहिरातींच्या वेळात बसवलेली.

आमची ओळख झाली माझ्या बाथटबमुळे. २००३ साली मी नागपूरहून नुकतीच आले होते आणि एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. एका रविवारी टबचा नळ सोडला आणि आईशी फोनवर बोलत बसले. पाणी खालच्या घरात गळायला लागलं. माफी मागायला धावत खाली गेले, तर काकूंनी दार उघडलं. हॉलच्या मधोमध छतातून धार लागलेली, खाली बादली, आणि बादलीपासून दोन हातांवर काका टीव्हीत नजर लावून बसलेले. "अरे देवा," माझ्या तोंडून निघालं.

"मराठी आहेस होय," काका मान न वळवता म्हणाले. "बस. मेंढ्या झाल्या की बोलू."

टीव्हीवर कुणी शेतकरी मेंढ्यांच्या खुरांची निगा कशी राखावी ते सांगत होता. मी बसले. मेंढ्या झाल्यावर काकांनी आधी छताकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "नळ बंद करून आलीस ना?"

मी बंद केला नव्हता.

पुन्हा खाली आले तेव्हा काकूंनी चहा ठेवला होता. त्यानंतरची चार वर्षं माझे बहुतेक रविवार त्या सोफ्यावर गेले.

काका मूळचे मिरजेचे. सत्तरच्या दशकात ते इंग्लंडात कॉव्हेंट्रीला गेले, मोटारींचे गिअर बनवणाऱ्या कारखान्यात लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले. मग मुलगी तेव्हा न्यू जर्सीत होती म्हणून इकडे आले; पुढे ती टेक्सासला गेली, हे इथेच राहिले. पण त्यांचा रविवार कॉव्हेंट्रीतच राहिला होता. तिथे त्या काळी रविवारी दुकानं बंद, बाहेर गारठा, आणि हीटर परवडायचा एकाच खोलीत. त्याच खोलीत टीव्ही. सकाळी आपल्या लोकांसाठी अर्धा तास हिंदी-उर्दू कार्यक्रम असे आणि त्यात एखादं गाणं लागे. त्या गाण्यासाठी नवराबायको ठेवणीतले कपडे घालून बसत. मग उठून जायचं कुठे? म्हणून पुढचंही बघत. चर्चमधली प्रार्थना, शेतकऱ्यांसाठी हवामान, दुपारी जुना युद्धपट, संध्याकाळी गावोगावच्या चर्चमधली भजनं, आणि जेवताना जुन्या काळातल्या घेरदार झग्यांची मालिका.

"तीन चॅनेल होते, पण रविवार कसा गच्च भरलेला असायचा," काका सांगत. "इथे दोनशे आहेत, आणि एकालाही आज वार कोणता ते ठाऊक नाही."

म्हणून काका स्वतःचा रविवार स्वतः बांधत. शनिवारी पेपरातलं टीव्हीचं पान, पट्टी आणि लाल पेन घेऊन ते बसत. या चॅनेलवरची प्रार्थना, त्यावरच्या मेंढ्या, तिसऱ्यावरचा कृष्णधवल सिनेमा, असं वेचून वेळापत्रक करत आणि फ्रिजवर चिकटवत. ते घरात येणाऱ्या प्रत्येकाला लागू असे. भजनांना काका मांडीवर भजनी ठेका धरत आणि परक्या देवाच्या गाण्यातही समेवर बरोबर येत. गोल्फचा निवेदक हळू आवाजात बोलतो, म्हणून गोल्फ चालू असेपर्यंत घरातही सगळ्यांनी कुजबुजायचं. काकू त्याआधीच कुकर उतरवून ठेवत. एकदा माझ्या हातून चमचा पडला, तर काका कळवळून कुजबुजले, "अगं, तो नेम धरतोय." अमेरिकन फुटबॉल मात्र त्यांना कधी मानवला नाही. दर दोन मिनिटांनी घोळका करणारे ते धिप्पाड खेळाडू पाहून ते म्हणत, "हे खेळायचं का नाही हे ठरवायलाच जमतात वाटतं."

काका डुलकी घेत असताना काकूंनी एकदा मेथी निवडता निवडता मला एक गंमत सांगितली. लग्न होऊन त्या कॉव्हेंट्रीला गेल्या तेव्हा त्यांना इंग्रजी अजिबात येत नव्हतं. काका त्यांना दर रविवारी सगळे कार्यक्रम मराठीतून समजावून सांगत. पण काकांचं इंग्रजीही तेव्हा कारखान्यापुरतंच, म्हणजे नट, बोल्ट आणि शिव्या. मग ते बेधडक मनचं सांगत. सिनेमात कुणी जनरल भडकला की म्हणत, "त्याच्या बायकोचं पत्र आलेलं नाही." नायिका रडली, तिचंही पत्र आलेलं नाही. "त्या देशात कुणालाच पत्र येत नाही असं मला वाटायचं," काकू म्हणाल्या. "मला तरी बरं वाटायचं. मीही मिरजेच्या पत्राचीच वाट बघत असायचे." पुढे त्या बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला लागल्या आणि दोन वर्षांत इंग्रजी शिकल्या.

"मग काकांना सांगितलं नाहीत?"

"कशाला? ह्यांच्या गोष्टी जास्त चांगल्या असायच्या."

२००६ च्या सुमारास फ्रिजवरच्या वेळापत्रकातली अक्षरं मोठी व्हायला लागली. काकांनी गाडी विकली. पेट्रोल परवडत नाही म्हणाले. एका रविवारी मी गेले तेव्हा गोल्फची वेळ होती आणि घर कुजबुजत होतं. पण टीव्हीवर गोल्फ नव्हतंच. चॅनेल चुकून दुसरा लागला होता आणि तिथला निवेदक हळू आवाजात पक्ष्यांबद्दल बोलत होता. पडद्यावर एक बगळा तळ्यात मान रोखून उभा होता.

"आता मारेल बघ," काका कुजबुजले. मग थोडं थांबून, "कुठे गेला गं बॉल?"

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मला नजरेनेच गप्प केलं. "खड्ड्यापाशी," त्या म्हणाल्या. "वीतभर राहिला."

पडद्यावर बगळा मासा गिळत होता.

स्वयंपाकघरात नेऊन काकूंनी मला सगळं सांगितलं. डोळ्यांचे पडदे निकामी होत चालले होते आणि डॉक्टर म्हणत होते, आता उपाय नाही. मुलीला कळलं तर ती दोघांना टेक्सासला प्लेनोत घेऊन जाईल, म्हणून काकांनी तिला काही कळवू दिलं नव्हतं. "तिच्याकडे मोठं घर आहे," काकू म्हणाल्या, "पण घर तिचं आहे. तू बोलू नकोस हं." मी बोलणार नाही म्हटलं, आणि चार महिने खरोखर बोलले नाही. मग एक दिवस काकू दुकानात गेलेल्या असताना काकांनी स्वतः चहा करायला घेतला आणि उकळतं पाणी कपाऐवजी हातावर ओतलं. ओरडणं ऐकून मी खाली धावले, त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले आणि तिथूनच त्यांच्या मुलीला फोन केला.

काका पुढचे दोन रविवार माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या रविवारी प्रार्थना चालू असताना म्हणाले, "तू माझी मुलगी असतीस तर तुला रागावलो असतो." जरा वेळाने म्हणाले, "तिने केलं असतं तेच केलंस तू." महिनाभरात सामान खोक्यांत गेलं. त्यांचा टीव्ही नवीन भाडेकरूंनी घेतला, पण रविवारी ते घरी नसतच, आणि खालून कसलाच आवाज येईनासा झाला.

२००८ मध्ये ऑफिसच्या कामासाठी डॅलसला जाणं झालं. रविवारचा एक दिवस हाती ठेवून मी प्लेनोला गेले. मुलीचं घर खरंच मोठं होतं आणि हॉलमधला टीव्ही भिंतीएवढा होता. त्यावर कुठला तरी जुना सिनेमा चालू होता. काका आता फारच बारीक झाले होते, पण शर्टाला इस्त्री होती. माझा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला आणि बराच वेळ माझा हात धरून ठेवला. मग आपल्या शेजारची खुर्ची थोपटून म्हणाले, "बस. फार काही झालेलं नाही अजून."

काकू समोर बसून सांगत होत्या, मोटार घाट चढत्येय, मागून पोलीस येतायत, बाई खिडकीतून बघत्येय. खरं किती आणि मनचं किती, हे पाहायला मी पडद्याकडे वळले नाही.

काकांची सहा वर्षांची नात बाजूला गालिच्यावर चित्र रंगवत होती. ती मध्येच थांबून काकांकडे बघायला लागली. काकांनी आपली खुर्ची पूर्ण फिरवून काकूंच्या समोर ठेवली होती.

"आजोबा," ती म्हणाली, "द टीव्ही इज बिहाइंड यू."

"माहीत आहे बाळा," काका म्हणाले, आणि काकूंना म्हणाले, "हं, पुढे?"