आप्पांची हेल्पलाइन

आप्पांचा सगळा धंदा फोनवर चालायचा, आणि आप्पा फोन उचलत नसत.

मी त्यांच्या ऑफिसात पहिल्यांदा गेले तेव्हा टेबलावरचा फोन वाजत होता आणि आप्पा शेजारी बसून त्याच्याकडे शांतपणे बघत होते. एकदा वाजून तो बंद झाला. मला वाटलं, यांना ऐकायला कमी येत असेल. मी धीर करून म्हणाले, "आप्पा, फोन वाजला."

"बघितला की," आप्पा म्हणाले. "पाटसचा मिशीवाला आज येत न्हाई." मग खिशातला दुसरा फोन काढून त्यांनी बसमधल्या क्लीनरला दोन शब्द सांगितले, "पाटसला थांबू नको." आणि पुन्हा पहिल्या फोनकडे बघत बसले.

रंगनाथ आप्पांच्या चार बस होत्या. दौंड, केडगाव, वरवंड, पाटस असे फाटे घेत त्या कामगारांना कुरकुंभच्या एका कंपनीत नेत आणि शिफ्ट सुटली की परत आणत. एक मिस कॉल म्हणजे आज सुट्टी, माझ्या फाट्यावर थांबू नका. लागोपाठ दोन म्हणजे येतोय, जरा थांबा. फोन वाजतच राहिला तर मात्र काहीतरी अघटित घडलंय असं समजून आप्पा तो उचलत. माझ्यासमोर असं क्वचितच झालं. फोनमध्ये नावंही माणसांची नव्हती, 'चौफुला उंच', 'केडगाव दोघी बहिणी', 'वरवंड झोपाळू' अशी होती.

"आप्पा, आता बोलणं फुकट झालंय," मी एकदा म्हणाले.

"फोन फुकट झाला. माणसाचा येळ फुकट झाला का?" आप्पा म्हणाले. "उचलला की माणूस बोलतो. बोलला की ऐकावं लागतं. ऐकलं की गाडी लेट. फोन उचलायसाठी नसतोय बाळा, बघायसाठी असतोय."

मी तेव्हा दौंडलाच बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेज बघितलेलं माझ्याआधी कोणी नव्हतं, त्यामुळे मला सगळं येतं असा घरच्यांचा समज होता. तो समज वडिलांनी आप्पांपर्यंत पोचवला. आप्पांना 'कॉम्प्युटरवालं कोणीतरी' हवंच होतं. दुपारी कॉलेज सुटलं की मी गॅरेजमागच्या त्यांच्या खोलीत बसून डिझेलचा आणि फेऱ्यांचा हिशेब एक्सेलमध्ये भरायचे. एक्सेल मला अर्धंच येत होतं. आप्पांना ते अजिबात येत नसल्याने माझं अर्धं पुरायचं.

त्यांचा कंपनीशी असलेला करार संपत आला होता. नव्या करारासाठी कंपनीच्या एचआर साहेबांनी एक अट घातली. बस पुरवणाऱ्याकडे हेल्पलाइन पाहिजे. प्रत्येक कॉल उचलला गेला पाहिजे, रेकॉर्ड झाला पाहिजे, आणि महिन्याला रिपोर्ट आला पाहिजे. हेल्पलाइन नाही तर करार नाही. चारही बस त्या एका कंपनीवर चालत होत्या. ड्रायव्हर आणि क्लीनर मिळून आठ घरं त्यावर होती, आप्पांचं नववं.

"क्लाउडवरची फोन सिस्टीम घ्या," साहेब म्हणाले होते. आप्पांनी ऑफिसात परत येऊन ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाले, "तू कॉलेजात हायस. तुला ढगातलं कळतच असंल."

मला कळत नव्हतं. पण तसं म्हणायला जीभ रेटेना. मी रात्रभर मोबाइलवर वाचलं आणि एक तक्ता केला. दर महिन्याचं भाडं, किती माणसांना कॉल वळवता येतो, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, जुना नंबर ठेवता येतो का, असे रकाने. आप्पांनी तो तक्ता चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघितला. "झकास," ते म्हणाले. "ह्यात माणूस कोंचा बरा हाय ते कुठं लिवलंय?"

मग विकणारे आले. पहिला व्हिडिओ कॉलवर आला, टाय घालून. तो अभिमानाने म्हणाला, "सर, हमारे सिस्टीम में एक भी कॉल मिस नहीं होगा."

आप्पांचा चेहरा पडला. "एक बी न्हाई?"

"एक भी नहीं, सर. गॅरंटी."

"मग आमच्या काय कामाचा?" आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले. त्या माणसाला वाटलं आप्पा घासाघीस करतायत. त्याने लगेच भाडं कमी केलं.

दुसऱ्या पुण्याच्या मॅडम होत्या. त्यांनी नमुना ऐकवला. मराठीसाठी एक दाबा, बसच्या वेळेसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी तीन दाबा. आप्पांनी अगदी मनापासून ऐकलं आणि विचारलं, "ताई, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं बसची दांडी धरल्याली. मग दाबायचं कशानं?" मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, आवाजानेही चालतं. आप्पांनी विचारलं, "एखाद्यानं फोन कट केला, तर त्यानं रागानं कट केला का काम झालं म्हणून, हे तुमच्या मशीनला कळतं का?" मॅडमनी पुढच्या आठवड्यात कळवते म्हणून सांगितलं. अजून कळवलेलं नाही.

तिसरा निखिल नावाचा मुलगा मोटारसायकलवर हडपसरहून आला. त्याने चहा घेतला आणि समोरचा फोन वाजताना आप्पांसारखाच गप्प बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "आप्पा, आमच्याकडे मिस कॉलचा वेगळा नंबर मिळतो. एक रिंग वाजते आणि आपोआप कट होतो. कोणी केला होता ते स्क्रीनवर दिसतं. बँका घेतात."

"म्हंजी मी हितं बसून जे करतोय तेच?"

"तेच. फक्त आम्ही त्याचे पैसे घेतो."

आप्पांना तो मुलगा एकदम आवडला. त्याचं भाडं तिघांत सगळ्यात जास्त होतं. मी तक्ता पुढे सरकवून बोट ठेवलं, तर आप्पा म्हणाले, "असू दे. निदान खरं तरी बोलला." असे दोन नंबर घेतले गेले. एक मिस कॉलचा, कामगारांसाठी. दुसरा हेल्पलाइनचा, साहेबांसाठी. हेल्पलाइनवर गोड आवाजात 'आपल्या तक्रारीचे स्वागत आहे' असं वाजायचं आणि पुढे फोन माझ्याकडे यायचा. दर महिन्याच्या एक तारखेला रिपोर्ट मेलवर आपोआप जाणार होता, एक प्रत एचआर साहेबांना आणि एक त्यांच्या पुण्याच्या मोठ्या ऑफिसला. दोन्ही पत्ते साहेबांनीच दिले होते.

पहिल्या महिन्याचा रिपोर्ट गेला. हेल्पलाइनवर आलेले कॉल, शून्य. आम्ही खुशीत होतो. साहेबांनी आप्पांना बोलावून घेतलं. परत आले ते खुर्चीत न बसता उभेच राहिले.

"तक्रार न्हाई म्हणून साहेब नाराज हायत," ते म्हणाले. "शून्य म्हंजी तुमची सिस्टीम चालत न्हाई, म्हणत्यात. पुढच्या म्हयन्यात तक्रारी दिसल्या न्हाईत तर करार दुसऱ्याला."

"मग आता?"

"मग काय. लोकास्नी सांगतो, माझ्यासाठी एवढी तक्रार करा."

आप्पा चार दिवस चारही बसमधून फिरले. हात जोडून म्हणत, "बाबांनो, कायतरी वाईट बोला की माझ्याबद्दल." लोकांनी आप्पांचा शब्द पडू दिला नाही. हेल्पलाइन वाजू लागली. त्या महिन्यात मी ऐकलेल्या तक्रारी मला अजून आठवतात. एक जण म्हणाला, "गाडी येळेवर आली. ह्याला तक्रार म्हणून लिवा." दुसरा म्हणाला, "ड्रायव्हर लई हळू चालवतो, झोप लागती. न्हाई, नगं, झोप लागती ते बरं हाय. दुसरं कायतरी लिवा तुमीच." वरवंडच्या झोपाळूने तक्रार केली की खिडकीजवळची जागा चौफुल्याचा उंच माणूस घेतो. पुढचा फोन चौफुल्याच्या उंच माणसाचा होता, त्याची तक्रार वरवंडचा झोपाळू खांद्यावर घोरतो ही होती. मी सगळ्या तक्रारी गंभीरपणे नोंदवल्या आणि संध्याकाळपर्यंत एकेकीपुढे 'रिझॉल्व्ह्ड' असं बटण दाबलं. काम फार छान चाललं होतं.

मग एक फोन आला. केडगाव बाजूच्या एक ताई होत्या. त्यांचं नाव मी इथेही लिहीत नाही. सुट्टीच्या दिवशी घरून बोलत होत्या, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"आप्पांनी तक्रार करा म्हटलंय म्हणून करते," त्या म्हणाल्या. "गाडीची न्हाई. गाडी येळेवर असती. आमालाच येळेवर सोडत न्हाईत. शिफ्ट संपली की मशीनवर अंगठा लावून घेत्यात, म्हंजी आमी कागदावर घरी गेलो. आन् मग परत पॅकिंगला उभं करत्यात. त्याचा पगार न्हाई. पोरगी शाळेतनं येऊन दारात बसती. हे चालतंय का तक्रारीत?"

मी चालतं म्हणाले. मग तक्रार नोंदवून घेतली.

आप्पांना मी ते रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. ड्रायव्हर रोज सांगत असे की पॅकिंगच्या बायका गेटबाहेर उशिरा येतात, आणि आप्पा म्हणत, "बायकांचं आवरतच न्हाई." आता त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नंतर म्हणाले, "मी त्यांच्यासाठी हॉर्न मारायला लावत हुतो गं."

मी विचारलं, ही नोंद ठेवू ना?

"ठेव. नंबर आन् नाव नगं लिवू."

महिनाअखेरीला साहेबांनी आम्हाला दोघांनाही कंपनीत बोलावलं, रिपोर्ट जाण्याआधी बघू म्हणून. मी लॅपटॉप उघडून त्यांच्या टेबलावर ठेवला. साहेब खूश होते. "आता कसं," ते म्हणाले. "तक्रारी आल्या, तुम्ही सोडवल्या. याला म्हणतात सिस्टीम." मग ते त्या एका ओळीपाशी थांबले. तिच्यापुढे 'पेंडिंग' होतं.

"ही कोण बाई?"

"नंबर दिसत न्हाई साहेब," आप्पा म्हणाले. "आन् मी तर फोन उचलतच न्हाई, तुमास्नी म्हाईत हाय."

"आप्पा, गाडी वेळेवर असते असं ती स्वतः म्हणते. मग ही ट्रान्सपोर्टची तक्रारच नाही. तुमचा काय संबंध?"

"संबंध न्हाईच. पर फोन माझ्या नंबरवर आलाय."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. करारावर सही करून फाइल तयार ठेवलीय, असं सांगितलं, आणि ती फाइल खरोखरच टेबलावर होती. "उद्या हा रिपोर्ट पुण्याला जाईल. एक क्लिक आहे. बाकीच्यांचं रिझॉल्व्ह्ड केलंत, तसंच हिचं करा." मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "मॅडम, करा."

मला त्याआधी कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते या कामासाठी. मी माउसवर हात ठेवला आणि आप्पांकडे बघितलं. ते फाइलकडे बघत होते. बाहेर त्यांच्या बस उभ्या होत्या, त्या खिडकीतून दिसत होत्या.

"साहेब," आप्पा म्हणाले, "बाकीच्या समद्या तक्रारी खोट्या हायत. तुमी मागितल्या म्हणून लोकांनी दिल्या. खोटी तक्रार खोटी मिटली, कुणाचं काय गेलं? पर ही बाई खरं बोललीय. हिची खोटी कशी मिटवू?"

"म्हणजे करार नको तुम्हाला?"

"पायजे की. कुणाला नगं?" आप्पा उठले. मला म्हणाले, "मिट त्यो लॅपटॉप, बाळा."

एक तारखेला रिपोर्ट आपोआप गेला. त्या दोन्ही पत्त्यांवर गेला. पुण्याहून कुरकुंभला काय विचारणा झाली ते आम्हाला कळण्याचं कारण नाही. आम्हाला फक्त एक मेल आला. आप्पांच्या उत्तम सेवेबद्दल आभार मानले होते, आणि पुढच्या करारासाठी नव्या व्हेंडरला संधी देण्याचं ठरलंय असं लिहिलं होतं. आप्पांनी मला तो दोनदा वाचायला लावला. "उत्तम हे कुठं लिवलंय?" त्यांनी विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. ड्रायव्हरांपैकी एक जण चिडून म्हणाला, "आप्पा, एका बटनासाठी?" आप्पांनी पायात चपला घातल्या. आठवडाभर ते काम शोधत बाहेरच फिरत होते. शेवटी शिरूरच्या एका ओळखीच्या माणसाने त्यांना सणसवाडीत काम मिळवून दिलं. तिथे कामगारांच्या खोल्या ते कारखाना अशा फेऱ्या होत्या, भाडं कमी. तीन बस तिकडे जाणार होत्या. चौथी विकली.

शेवटच्या दिवशी मी हिशेब पूर्ण करायला गेले. ऑफिसातलं सामान पोत्यात भरलं होतं. हेल्पलाइनचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलं होतं, म्हणून ती अजून चालू होती. मी नसताना सकाळी एक निरोप रेकॉर्ड झाला होता. मी तो लावला. आवाज त्याच ताईंचा होता.

"आप्पा, आता येळेवर सोडाय लागल्यात. आठ दिस झालं. अंगठा लावला की थेट गेटवर. पर तुमची गाडी उद्यापास्नं बंद म्हंत्यात. मग ही तक्रार कुठं करायची?"

आप्पा पोत्याचं तोंड बांधत होते. त्यांनी दोरीची गाठ पक्की केली.

"पहिली मिटली का मग खरी?" त्यांनी विचारलं.

"मिटली, आप्पा."

"तेवढी मिटव. दुसरी राहू दे."

मी एक क्लिक केलं आणि दुसऱ्या ओळीपुढे पेंडिंग ठेवलं.